पुरुषांच्या बाजूचं घड्याळ

बेप्पू, १६ नोव्हेंबर

बाबा,

पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते, म्हणून लिहिते: थंडी पडली आहे. गल्लीतल्या गटारांच्या जाळ्यांतून येणारी गरम झऱ्यांची वाफ आता दाट दिसते. सकाळी कामाला निघताना पायांखालचा रस्ता दिसत नाही. एवढं पुरे.

मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. तुम्ही सोहेइला उमेनो-यूमध्ये आंघोळीला न्यायचात, तेव्हा आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचात? आठवेल तेवढं लिहा. अंदाज लिहिलात तर तो अंदाज आहे असं लिहा.

कारण सांगते. आपल्या घरात न्हाणीघर नाही, सगळी गल्ली उमेनो-यूच्या सार्वजनिक न्हाणीघरातच जाते, आणि तुम्ही समुद्रापलीकडे राहायला गेल्यावर पुरुषांच्या बाजूला त्याला नेणारं कोणी उरलं नाही. काही आठवडे तो रोज बादली घेऊन पुरुषांच्या दाराशी उभा राहायचा. कियो आजी तिकिटांच्या खिडकीतून सांगायच्या, "सोहेइ-कुन, आज नाही रे." तो बराच वेळ उभा राहून परत यायचा. मग आई त्याला टेकडीवर कुटुंबासाठी तासावर मिळणाऱ्या बंद खोलीत न्यायला लागली. तिथे तीच त्याला घासते. तो सव्वीस वर्षांचा आहे. हल्ली तो आईकडे पाठ करून बसतो आणि मान वळवत नाही. मी हे पाहिलंय, कारण गेल्या महिन्यात आई तिथल्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिला उचलायला मी गेले. हाड मोडलेलं नाही. पण वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

आता मुद्दा. देवळाच्या मागे चौघांचं एक घर आहे. सोहेइसारखी मोठी झालेली मुलं तिथे राहतात, दिवसा आपापल्या कामाला जातात, आणि वाकाना म्हणून एक बाई घर बघतात. एप्रिलमध्ये तिथली एक खोली रिकामी होते आहे. सोहेइला तिथलं आवडतं. एकदा नेलं तर त्याने न सांगता सगळे टॉवेल घडी घालून ठेवले. पण त्या घरातले लोकही उमेनो-यूमध्येच आंघोळीला येतात आणि वाकानाबाई पुरुषांच्या बाजूला जाऊ शकत नाहीत. सोबतीला जाणारा पुरुष मदतनीस मिळत नाही. मदत केंद्राच्या प्रतीक्षायादीत आमचं नाव आहे, पण तिथल्या मदतनीस सगळ्या बायकाच आहेत. म्हणजे सोहेइला एकट्याने आत जाऊन, अंग धुऊन, पाण्यात बसून, बाहेर येता आलं पाहिजे. आलं तर खोली त्याची. नाहीतर पुन्हा ती बंद खोली आणि आईची पाठ.

हे पत्र आईला माहीत नाही.

तोमोए

१४ डिसेंबर

बाबा,

डोंगरावर पहिला बर्फ पडला. खाली येईपर्यंत त्याचं पाणी होतं.

तुमचं उत्तर आलं नाही. तुमच्या बागेतल्या संत्र्यांची पेटी आली, नेहमीसारखी, आत चिठ्ठी नसलेली. आईने ती उघडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्यांना लिहितेस का तू?"

"नाही."

"लिहिलंस तर सांग, खालच्या थरातली दोन दबलेली असतात. दर वर्षी."

तर ते सांगितलं.

उत्तराची वाट बघत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. केंद्रातल्या अरिमुराबाईंनी मला चित्रकार्डांची पद्धत शिकवली. सोहेइला सांगितलेलं अर्धं ऐकू येतं आणि अर्धं आवाजात विरघळतं. दाखवलेलं मात्र टिकतं. एका कार्डावर एकच गोष्ट. चपला ठेवणे. कपडे टोपलीत. पायऱ्या उतरणे. अंगावर पाणी घेणे. साबण. पुन्हा पाणी. हौदात बसणे. घड्याळ. बाहेर येणे. झालेलं कार्ड मागे सरकवायचं, पुढचं वर येतं. मी ती पाण्याने खराब न होणाऱ्या कागदावर छापली, कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवली आणि कडी मनगटात जाईल एवढी ठेवली. अरिमुराबाई म्हणाल्या, "तुम्ही कारखाना काढा." त्या फार कमी वेळा विनोद करतात, म्हणून नोंद केली.

फोटोंसाठी दुपारी सफाईच्या वेळेत गेले. कियो आजींनी मला पुरुषांच्या बाजूला जाऊ दिलं नाही.

"आत कोणी नाही ना, आजी."

"नसू दे. बाईमाणूस त्या बाजूला जात नाही."

"तुम्ही जाता की."

"मी घासायला जाते. आणि माझं वय झालंय, मला आता काही दिसत नाही."

एखाद्या पुरुषाला फोटो काढायला सांगता आलं असतं. मला कोणाला विचारायचं नव्हतं. इमारतीचा आराखडा मला माहीत आहे: मधली भिंत, दोन्हीकडे सारखेच हौद, सारख्याच पायऱ्या, आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट. म्हणून बायकांच्या बाजूचे फोटो घेतले आणि घरी संगणकावर डावं-उजवं उलटवले. उलटवलेले फोटो आराखड्याशी ताडून पाहिले. हौद, पायऱ्या, टोपल्यांचं कपाट, सगळं जागच्या जागी बसलं.

उशिजिमाकाकांनाही भेटले. तुम्हाला ते माहीतच आहेत: जहाजाच्या इंजिनखोलीत आयुष्य काढलेले, आणि हौदात थंड पाणी सोडणाऱ्या पाहुण्यांना कपडे घालायलाही वेळ न देता बाहेर काढणारे. रविवारी सकाळी ते आणि त्यांची तीन-चार माणसं आत असतात. मी त्यांना तीन सूचना दिल्या. त्याला हात लावू नका. त्याच्याशी बोलू नका. त्याला मदत करू नका.

"मग आम्ही करायचं काय?"

"आंघोळ करा."

ते म्हणाले, "बापासारखीच आहेस."

कोणत्या बाबतीत ते मी विचारलं नाही. येत्या रविवारी पहिली चाचणी आहे.

तोमोए

२२ डिसेंबर

बाबा,

ऋतूचं आज राहू दे.

काल सोहेइ आत गेला. दाराशी त्याने पहिलं कार्ड पाहिलं, चपला ठेवल्या, कार्ड मागे सरकवलं, आणि पडद्याआड गेला. मागे वळून पाहिलं नाही. मी बायकांच्या बाजूला गेले. नुसतं बसून राहिले असते तर कियो आजींनी हाकललं असतं, म्हणून मीही पाण्यात उतरले आणि मधल्या भिंतीला डोकं टेकून बसले.

ती भिंत छतापर्यंत जात नाही. वरच्या फटीतून दोन्हीकडची वाफ एक होते. रविवारी सकाळी उंच खिडकीतून ऊन येतं आणि त्या वाफेत तिरपं उभं राहतं. पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला, अंगावर पाणी घेतल्याचा, मग साबण. क्रम बरोबर होता. एकेक आवाज कार्डाशी जुळत होता. मग तो पाण्यात बसल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काही नाही. मी डोळे मिटले. त्या पाण्यात माणूस जागा आणि झोपलेला यांच्या मधेच कुठेतरी तरंगतो. मला वाटलं की मी आठ वर्षांची आहे आणि भिंतीपलीकडे तुम्ही खोकता आहात, आणि तो खोकला ऐकू येतो आहे तोवर मला पाण्यातून उठायचं नाही. हे मी का लिहिते आहे मला माहीत नाही. खोडत नाही, कारण खोडलेलं जास्त दिसतं.

तेवढ्यात नळाचा आवाज आला.

त्या न्हाणीघरात हा आवाज मी जन्मात ऐकलेला नव्हता. आधी करकर, मग धो-धो पाणी. मला वाटलं नळ फुटला. बायकांच्या बाजूच्या सगळ्या जणी एकदम भिंतीकडे बघायला लागल्या. मग पलीकडून कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं, "अहो उशिजिमा-सान, काय करताय हे?"

"तोंड मिट आणि बस."

"थंड पडतंय की."

"पडू दे."

आत काय झालं ते मला नंतर कळलं. सोहेइ हौदात बसला होता आणि घड्याळाकडे बघत होता. तो लाल झाला. मग जास्त लाल झाला. पाणी चव्वेचाळीस अंशांवर असतं. त्यात तिथली मुरलेली माणसंही थोडा वेळ बसून काठावर येतात. ती सगळी एकेक करून वर आली, पाय बुडवून बसली, आणि त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली. "पोरगा खरा बेप्पूचा," असं एक जण म्हणाला म्हणे. मग त्यांना ते कौतुक वाटेनासं झालं. सोहेइच्या ओठांचा रंग बदलला, तरी तो उठेना. पण मी सांगून ठेवलं होतं: हात लावू नका, बोलू नका, मदत करू नका. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. जहाजावरच्या माणसाला हुकूम दिला की तो हुकूमच असतो.

शेवटी उशिजिमाकाका उठले, त्याला वळसा घालून भिंतीपाशी गेले आणि थंड पाण्याचा नळ दोन्ही हातांनी पिळून उघडला. हात लावला नाही. बोलले नाहीत. सगळा हौद थंड करून टाकला. आणि मग स्वतः पुन्हा त्यात उतरून त्याच्या शेजारी बसले. बाकीच्यांनाही उतरायला लावलं, कारण म्हणे काठावर बसून त्याच्याकडे बघणं बरं नव्हे.

लांब काटा कार्डावरच्या जागी आला तेव्हा सोहेइ उठला, कार्ड मागे सरकवलं आणि बाहेर आला. तोवर पाणी कोमट झालं होतं आणि पाच म्हातारे त्यात दात वाजवत बसले होते.

आता चूक कुठे झाली ते. त्या घड्याळावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. बायकांच्या बाजूला मी फोटो घेतला तेव्हा लांब काटा वरून जरासा उजवीकडे झुकलेला होता, म्हणजे तासाच्या ठोक्याला पाण्यात उतरलेल्याने पाचेक मिनिटांनी उठायचं. फोटो उलटवल्यावर तो तेवढाच डावीकडे गेला. घड्याळ मात्र भिंतीपलीकडे उलटं चालत नाही. सोहेइने कार्डावर दिसलं तसंच केलं. काटा जवळजवळ पूर्ण फेरी मारून डावीकडे येईपर्यंत तो बसून राहिला. कपाटं, पायऱ्या, टोपल्या मी ताडून पाहिल्या. घड्याळ पाहिलं नाही. आणि माझं काम गरम पाण्याच्या विहिरींवरची मापकं तपासण्याचं आहे.

त्याला चक्कर आली नाही. रात्रभर त्याने पाणी मागितलं आणि सकाळी उठून कामाला गेला. कार्डांची कडी आईने कपाटावर ठेवून दिली आहे.

तोमोए

१९ जानेवारी

बाबा,

थंडी कमालीची आहे. सकाळी अख्खं गाव वाफेत असतं. टेकडीवरून पाहिलं तर घरं नसून फक्त धुरांडी तरंगताना दिसतात. विहिरींवर काम करताना हवा स्वच्छ असेल त्या दिवशी समुद्रापलीकडे तुमची बाजू दिसते. मी मुद्दाम बघत नाही.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. तुम्ही लिहिता की क्रमबिम काही नव्हता आणि घड्याळाकडे तुम्ही कधी पाहिलंच नाही. तुम्ही पाण्यातून उठलात की तो उठायचा. बस. हे नोव्हेंबरमध्ये कळलं असतं तर उपयोग झाला असता. आता झाला तो एवढाच: मला समजलं की तुमच्या मागून उठणारा माणूस एकटा उठायला शिकलेला नसतो. ते त्याला पहिल्यांदाच शिकायचं आहे.

नववर्षाच्या आधी मी ठरवलं होतं की हे सगळं बंद करायचं. आईचंही तेच म्हणणं होतं. वाकानाबाईंना फोन करून खोली सोडतो असं सांगायचं होतं. मी फोन हातात घेतला होता तेवढ्यात उशिजिमाकाका दारात उभे. केस ओले, त्यावर टॉवेल.

"तुझ्या त्या पत्त्यांचं काय करायचं ते कर," ते म्हणाले. "पण रविवारी पोरगा पाठव."

"तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला. मी माफी मागायला येणारच होते."

"त्रास झालाच. तो नळ गंजला होता. माझं मनगट अजून दुखतंय." त्यांनी मनगट दाखवलं. "आणि गल्लीतली पोरं मला 'कोमट काका' म्हणतात. हे मी कोणामुळे सहन करतोय?"

आतून आई म्हणाली, "चहा घेऊन जा हो, कोमट नाही देणार."

मी आईला इतक्या मोठ्याने बोलताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मग ते मुद्द्यावर आले. "फोटो आमच्या बाजूचेच पाहिजेत ना? मी काढतो."

त्यांनी काढले. दुपारी, एकही माणूस आत नसताना, कियो आजींच्या देखरेखीखाली. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा आलेला आहे. टोपल्यांच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात अंगठा, पायऱ्यांच्या फोटोत अंगठा, घड्याळाच्या फोटोत तर पाव भाग अंगठाच. मी म्हटलं, पुन्हा काढूया. ते म्हणाले, "घड्याळ दिसतंय ना?"

दिसत होतं. लांब काटा उजवीकडे होता. मी तीनदा ताडून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाहिलं, मग छापलं.

सोहेइ आता प्रत्येक कार्ड पाहताना आधी आपला अंगठा त्या कोपऱ्यावर ठेवतो, फोटोतल्या अंगठ्यावर बरोबर बसेल असा. मगच पुढचं काम करतो. अरिमुराबाईंना विचारलं, ही सवय मोडावी का. त्या म्हणाल्या, "कशाला? त्याचा कोणाला त्रास आहे?"

सूचनाही बदलल्या. आता एकच आहे: काटा जागेवर आला आणि तो उठला नाही, तर कार्डाकडे बोट दाखवा. पहिल्या रविवारी दाखवावं लागलं. दुसऱ्या रविवारीही. गेल्या रविवारी नाही. बोलण्याची मनाई मी मागे घेतली आहे, कारण तोच बोलायला लागला. बंदरावरची फेरीबोटीची घोषणा तुम्हाला आठवत असेल, ती त्याला पाठ आहे. अंग धुऊन झाल्यावर तो पायरीवर उभा राहून त्याच आवाजात म्हणतो, "चढणाऱ्या प्रवाशांनी रांगेने पुढे यावं." आणि ते म्हातारे, भिंतीपलीकडून मी स्वतः ऐकलंय, "हो साहेब, सरकतो," म्हणत एका बाजूला सरकतात.

तोमोए

८ मार्च

बाबा,

प्लमचा बहर ओसरला. वाऱ्याने पाकळ्या गटाराच्या जाळ्यांवर येतात आणि वाफेने परत वर उडतात. कियो आजींनी दाखवलं म्हणून पाहिलं.

आधी बातमी. वाकानाबाई येऊन गेल्या. त्याही बायकांच्या बाजूला पाण्यात बसल्या, माझ्याशेजारी, भिंतीला कान लावून. पलीकडे तो आत आला, अंग धुतलं, घोषणा केली, बसला, आणि वेळेवर उठला. वाकानाबाईंनी डोळे मिटलेले ठेवूनच मान हलवली. म्हणाल्या, "मार्च संपेपर्यंत प्रत्येक रविवारी असंच व्हायला हवं. मग खोली त्याची." त्यानंतर त्या तिथेच डुलक्या काढायला लागल्या. घरात चार जण सांभाळणाऱ्या बाईला पाणी मिळालं की असं होत असावं.

आता तुमचं पत्र. ते दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता की तुम्ही या महिन्याच्या शेवटी येता आहात, बाग दुसऱ्याच्या हाती देऊन, आणि यापुढे "मीच नेईन त्याला, तुम्ही बायका मोकळ्या व्हा."

याचं उत्तर नाही असं आहे. कारण समजावून सांगते. रागाने लिहीत नाही. राग असेल तर तो वेगळ्या पत्रात येईल.

तुम्ही त्याला बरोबर घेऊन आत गेलात तर तो येईल. तुम्ही बसलात तर तो बसेल, तुम्ही उठलात तर उठेल, आणि कार्डांची कडी मनगटात नुसती लटकत राहील. एका रविवारात तीन महिन्यांचं जाईल. मग तुम्हाला बरं नसेल, किंवा काम असेल, किंवा तुम्ही परत जाल. मग तो बादली घेऊन दाराशी उभा राहील. ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा बघणार नाही.

पण उमेनो-यू काही माझं नाही. गल्लीतल्या कोणालाही तिथे येता येतं आणि तुम्ही गल्लीतले होतात. म्हणून तुम्ही आलात तर असं करा.

त्याच्या आधी आत जा. पलीकडच्या कोपऱ्यात बसा. हाक मारू नका. त्याने पाहिलं तर मान हलवा, जशी इतर लोक हलवतात. तो शेजारी येऊन बसला तर बसू द्या.

आणि तो उठेपर्यंत तुम्ही उठू नका. कितीही गरम लागलं तरी. तुम्ही आधी उठलात तर तो तुमच्या मागून उठेल, आणि मग तो घड्याळाने उठला की तुमच्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही. तुम्हालाही नाही.

हे जमणार नसेल तर येऊ नका. जमणार असेल तर एकोणतीस तारखेला या, महिन्यातला तो शेवटचा रविवार आहे. वाकानाबाईंना मी सांगितलेलं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "पाणी त्यांना आधीही सोसत नव्हतं." नंतर भांडी विसळताना म्हणाली, "येऊ दे."

तोमोए

३० मार्च

बाबा,

तुम्ही आत होतात, म्हणून बाहेरचं लिहिते.

तुम्ही दुपारच्या बोटीने गेलात असं उशिजिमाकाकांकडून कळलं. मी त्यांना आतलं काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं: सोहेइने आत येऊन तुम्हाला पाहिलं आणि पायरीवर बराच वेळ थांबला. मग तो म्हणाला, "बेप्पू बंदर. उतरणाऱ्या प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं." आणि नेहमीची जागा सोडून तुमच्याजवळ येऊन बसला, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. त्याला कोणाचा स्पर्श सहजासहजी चालत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही हात पाण्याखालीच ठेवलेत असं काका म्हणाले. त्याबद्दल आभार.

मी भिंतीच्या या बाजूला होते. वाकानाबाई होत्या, आणि आईही आली होती, पाठ सांभाळत, सगळ्यात वरच्या पायरीवर पाय सोडून. ऊन वाफेत होतं. पलीकडे इतकी शांतता होती की छतावरून थेंब पडलेले ऐकू येत होते. मी बायकांच्या बाजूच्या घड्याळाकडे बघत होते. दोन्ही घड्याळं मी आदल्या दिवशी कियो आजींकडून जुळवून घेतली होती. काटा जागेवर आला. काही आवाज नाही. काटा जागेवरून पुढे सरकला. आईने माझा दंड धरला. मी मनात तुम्हाला म्हटलं, उठू नका, उठू नका.

मग पाण्यातून एक माणूस उठल्याचा आवाज आला. एकच. पाणी काठावरून फरशीवर सांडलं, ओल्या पायांचा आवाज पायऱ्या चढत गेला, आणि हौदातलं पाणी परत स्थिर झालं.

कोण उठलं ते मला माहीत नव्हतं. मी अंग न पुसताच कपडे चढवले आणि बाहेर आले. पडद्याबाहेर पहिल्यांदा त्याची बादली आली, मग तो. केस विंचरलेले होते, त्याने स्वतः विंचरलेले, भांग वाकडा. त्याने शेवटच्या कार्डावर अंगठा ठेवला, ते मागे सरकवलं, चपला घातल्या. दाराशी थांबला नाही. मागे वळून पाहिलं नाही. देवळाच्या बाजूने चालायला लागला, आपल्या घराच्या नव्हे, त्या घराच्या दिशेने. गेले काही रविवार तो तिथे टॉवेलच्या घड्या घालायला जातो, त्याची वेळ झाली होती.

वाकानाबाई माझ्या मागून आल्या आणि त्याच्या पाठोपाठ गेल्या. जाताना म्हणाल्या, "एक तारखेला बिछाना घेऊन या. उशी त्याची त्याचीच आणा."

आई आत कपडे घालत होती. बाहेर मी आणि कियो आजी एवढ्याच. उशिजिमाकाकांची माणसं एकेक करून बाहेर पडली, लालबुंद, टॉवेलने मान पुसत. सगळ्यात शेवटी काका आले. माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

कियो आजींनी खिडकीतून डोकं काढलं. "झाले का सगळे? दुपारची सफाई आहे. पाणी सोडून देते."

"एक माणूस आत आहे."

"अजून? कोण गं?"

मी पुरुषांच्या बाजूच्या पडद्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता. खालून वाफ येत होती.

"आपल्या गल्लीतलाच आहे," मी म्हटलं. "बसू द्या थोडा वेळ."

तोमोए